हेलोमध्ये कोणती बंदूक उचलायची? जोडी बघून उचला

‘आत्या, सगळ्यात भारी गन कुठली गं?’ साताऱ्याहून भाच्याचा फोन आला की तब्येतपाणी राहतं बाजूला, पहिला प्रश्न हाच. मी त्याला उलट विचारते, समोर कोण आहे? किती लांब आहे? आणि दुसऱ्या हातात काय आहे? या तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय मी बंदुकीचं नाव घेत नाही.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर हिशेब बघते. दिवसभर आवक-जावक, पट्ट्या, हमाली-तोलाई. रात्री जेवणं उरकली की विश्रामबागेतल्या घरी जुन्या पीसीवर हेलो, एलियनशी लढायचा बंदुकीचा व्हिडिओ गेम. पीसी फार ताकदीचा नाही, पण मास्टर चीफ कलेक्शन त्यावर बरं चालतं. या एका संचात सहा गेम आहेत आणि हवे तेवढेच उतरवून घेता येतात. इंटरनेटचा पॅक मोजून वापरणाऱ्यांनी सुरुवातीला फक्त पहिला गेम घ्यावा, ‘कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’. बंजी कंपनीने तो २००१ साली पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आणला आणि शस्त्र निवडायला शिकायचं तर आजही तोच बरा. कारण साधं आहे. या गेममध्ये शस्त्रं मोजकी आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. हे त्याच्याचसारखं पण थोडं बरं, असा घोळ जवळजवळ नाहीच.

खाली लिहिलंय ते मुख्यतः या पहिल्या गेमच्या कॅम्पेनबद्दल, म्हणजे मिशनमागून मिशन पुढे जाणाऱ्या गोष्टीबद्दल, तेही हिरॉइक किंवा लेजेंडरी या अवघड पातळ्यांवर खेळणाऱ्यांसाठी. ईझीवर कुठलीही बंदूक चालते, तिथे निवडायची गरजच पडत नाही.

आधी स्वतःकडे बघा

तुम्ही मास्टर चीफ आहात, या गेमचा नायक सैनिक. अंगावर शील्ड, म्हणजे ऊर्जेचं कवच आहे, ते थोडा वेळ आडोशाला थांबलं की भरून येतं. त्याच्याखाली हेल्थ आहे, ती आपोआप भरत नाही. त्यासाठी हेल्थ पॅक सापडावा लागतो. त्यामुळे जवळ जाऊन मारामारी करायला लावणारी बंदूक या गेममध्ये महाग पडते. नव्या गेममधून इकडे येणाऱ्या पोरांना हे लवकर पचत नाही. तिथे भिंतीआड बसलं की सगळंच भरतं.

दुसरं म्हणजे एका वेळी दोनच शस्त्रं जवळ ठेवता येतात. तिसरं उचलायचं तर हातातलं टाकावं लागतं. शिवाय पहिल्या गेममध्ये सोबतच्या मरीनकडून, म्हणजे आपल्या बाजूच्या सैनिकाकडून, बंदूक बदलून घेता येत नाही, ती सोय हेलो २ पासून आली. मरीन पडला तर त्याची बंदूक जमिनीवर मिळते, एवढंच.

आणि तिसरं, चेकपॉइंट. गेम आपला आपणच सेव्ह होतो आणि त्या क्षणी हातात जे असेल तेच घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. रिकामी होत आलेली नीडलर आणि दोन गोळ्यांची स्नायपर घेऊन चेकपॉइंट पडला, तर पुढची मारामारी त्याच भांडवलावर. म्हणून एखादी खोली साफ झाली की पुढच्या दाराकडे पळू नका. आधी मागे फिरून जमिनीवर काय पडलंय ते बघा, जोडी नीट लावा, मग पुढे व्हा. माझा भाचा दार दिसलं की सुटतो. मी मागून ओरडते, ‘थांब की जरा, पोतं तरी भरून घे!’

काम दोन, बंदुका दोन

शत्रूंमध्ये मुख्य त्रास एलिटचा. उंच, चपळ, अंगावर तुमच्यासारखंच शील्ड. निळा साधा, लाल त्याच्यापेक्षा चिवट, सोनेरी दिसला तर लांबच राहा, त्याच्या हातात बहुतेक वेळा तलवार असते. एलिटला मारायचं म्हणजे दोन कामं असतात. आधी शील्ड पाडायचं, मग खालचं शरीर. अर्धवट मारून सोडलात तर तो आडोशाला जातो आणि शील्ड भरून परत येतो. तुमच्या तेवढ्या गोळ्या पाण्यात.

इथेच निवडीचं खरं सूत्र आहे. प्लाझ्माची, म्हणजे तापलेल्या ऊर्जेचे गोळे फेकणारी एलियनची शस्त्रं शील्डवर चांगली चालतात, गोळीची शस्त्रं मांसावर. एकाच जातीची दोन शस्त्रं घेऊन फिरणारा माणूस प्रत्येक एलिटपाशी दुप्पट खर्च करतो. असॉल्ट रायफल आणि पिस्तूल ही जोडी दिसायला सैनिकी वाटते, गेमच्या सुरुवातीला मिळतेही तीच. पण लेजेंडरीवर तिच्यात शील्ड पाडणारं कोणी नाही.

माझी जोडी ठरलेली: एका हाती माणसांचं पिस्तूल, दुसऱ्या हाती एलियनचं प्लाझ्मा पिस्तूल. दोन्ही दिसायला किरकोळ. आडतीवर पण असंच आहे, दिसायला चकाकणारं हळकुंड सगळे आधी उचलतात, मोडून आत बघणारा एखादाच.

प्लाझ्मा पिस्तूल ग्रंटांच्या, म्हणजे बुटक्या, दुबळ्या शत्रूंच्या हातात असतं आणि ग्रंट पैशाला पासरी मरतात, त्यामुळे ते सगळीकडे पडलेलं मिळतं. त्याचं बटण नुसतं टिचकी मारून वापरू नका. दाबून धरा. पुढे हिरवा गोळा फुगतो, थरथरतो, तेव्हा सोडा. तो गोळा शत्रूच्या दिशेने थोडा वळत जातो आणि बसला की बहुतेक एलिटचं शील्ड एका फटक्यात उतरतं. शील्ड फुटल्याची चमक दिसली की लगेच शस्त्र बदला आणि माणसांच्या पिस्तुलाने डोक्यात एक, फार तर दोन गोळ्या घाला. संपला विषय. जगभरचे खेळाडू या डावाला नवशिक्यांचा डाव म्हणून हिणवतात. हिणवू देत. लेजेंडरीवर यापेक्षा स्वस्तात एलिट पडत नाही.

बोटांची सवय मात्र करावी लागते. गोळा सोडणं, शस्त्र बदलणं, झूम न करता डोक्यावर निशाण, या तिन्ही गोष्टी एका दमात व्हायला हव्यात. गोळा हवेत असतानाच शस्त्र बदलायचं बटण दाबलं की वेळ वाचतो. एलिट लांब असेल तर तो उडी मारून गोळा चुकवतो. म्हणून मध्यम अंतरावर, तो दुसऱ्याच कोणावर गोळ्या झाडत असताना सोडा. मरीन जिवंत ठेवायचे ते यासाठीच. ते मारत काही नाहीत फारसं, पण शत्रूचं तोंड आपल्याकडून फिरवतात.

त्या पिस्तुलाबद्दल थोडं जास्त

पहिल्या मिशनमध्ये कॅप्टन कीझ तुमच्या हातात पिस्तूल देतो, आणि ते रिकामं असतं. गोळ्या पुढे वाटेत मिळतात. नवा खेळाडू या पिस्तुलाकडे दुय्यम म्हणूनच बघतो. इतर सगळ्या शूटर गेमनी पिस्तुलाची तशीच सवय लावलेली असते, मोठी बंदूक मिळाली की ते टाकायचं.

या गेममध्ये ते टाकू नका. मॅगझिनमध्ये १२ गोळ्या, वर दुप्पट झूम, आणि लांबवर सरळ जाणारी गोळी. ग्रंटच्या डोक्यात एक गोळी, ग्रंट खलास. आपापसात खेळतानाही पूर्ण शील्ड असलेला खेळाडू डोक्यात तीन गोळ्यांत पडतो. ब्लड गल्चसारख्या उघड्या मैदानात तर अर्धे सामने या पिस्तुलावरच निकाली निघतात. पुढच्या गेममध्ये बंजीने पिस्तुलाची ताकद उतरवली, झूमही काढून टाकला, यावरूनच समजा.

जॅकलवर ते कसं वापरायचं ते नीट बघा, कारण इथे बहुतेक जण गोळ्या उधळतात. जॅकल ढाल धरून उभा असतो आणि समोरून मारलेली गोळी ढालीवरून उडून जाते. ढालीच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून त्याचा बंदुकीचा हात दिसतो. झूम करा, त्या खाचेत एक गोळी घाला. तो कळवळून वळतो, ढाल बाजूला जाते आणि क्षणभर डोकं उघडं पडतं. दुसरी गोळी तिथे. दोन गोळ्यांत एक जॅकल. हे जमलं नाही तर प्लाझ्मा ढालीवर ओता, ढाल बसते.

हंटर तर याहून मजेशीर. निळ्या चिलखतातले डोंगराएवढे, नेहमी जोडीने येतात, हातात हिरवी आग फेकणारी तोफ. बघून माणूस रॉकेट शोधायला लागतो. शोधू नका. त्यांच्या चिलखताच्या फटीतून नारिंगी मांस दिसतं, पाठीवर आणि मानेपाशी जास्त. त्यांच्या जवळ जा, अगदी हाताच्या अंतरावर. तो ढाल उगारून तुमच्यावर येईल. येऊ द्या, आणि फटका पडायच्या आत बाजूला सरका. त्याची पाठ तुमच्याकडे येते. त्या नारिंगी भागात पिस्तुलाची एक गोळी, आणि एवढं मोठं धूड जागेवर कोसळतं. एकच गोळी. भाच्याने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा फोनवरच ओरडला, ‘आत्या, हॅक लावलास काय?’ सायलेंट कार्टोग्राफर या मिशनमधल्या बेटावर हंटरच्या जोड्या भेटतात, तिथे सराव करून घ्या.

पिस्तुलाची अडचण एकच, गोळ्या. कॅम्पेन जसं पुढे सरकतं तशा माणसांच्या बंदुकांच्या गोळ्या कमी मिळत जातात, प्लाझ्मा मात्र जागोजागी पडलेला असतो. म्हणून शिल्लक बघत चला. ग्रंट जवळ आलाय तर त्याला पिस्तुलाची गोळी कशाला? कोपराने, म्हणजे बंदुकीच्या दस्त्याने हाणा. झोपलेले ग्रंट दिसले तर एकही गोळी न घालवता सगळी रांग आटोपता येते. पाठीमागून दस्ता बसला तर एलिटसुद्धा एका फटक्यात जातो.

बाकीच्या बंदुकांचं काय

असॉल्ट रायफलला ६० गोळ्यांचं मॅगझिन आहे, आवाज भारी आहे, वर छोट्या पडद्यावर शिल्लक आकडा दिसतो. गोळ्या मात्र फाकतात. दहा-पंधरा पावलांच्या पलीकडे ती शोभेची वस्तू. जवळच्या ग्रंटांच्या घोळक्यावर ठीक, आणि पुढे फ्लड, म्हणजे परजीवींनी ग्रासलेले सडके शत्रू आले की तिला थोडं काम मिळतं. मिशन सुरू होताना हातात असते म्हणून लोक ती ठेवतात, बाकी कारण मला दिसत नाही.

प्लाझ्मा रायफल एलिटांकडून मिळते. शील्डवर चांगली, पण सलग दाबून ठेवली की तापते आणि वाफ सोडत बसते, तेवढ्यात तुमचा खेळ होतो. तीन-चार गोळ्यांचे तुटक तुटक फटके मारायचे. आपापसात खेळताना हिचा आणखी एक गुण कामाला येतो, मार बसलेल्या खेळाडूची चाल मंदावते. प्लाझ्माचं कुठलंही शस्त्र रीलोड होत नाही. बॅटरी उतरत जाते आणि संपली की फेकायचं. बॅटरी किती उरली तो आकडा पडद्यावर असतो. जमिनीवर पडलेलं भरलेलं पिस्तूल दिसलं तर अर्ध्यावर आलेलं आपलं तिथेच बदलून टाका, ‘अजून आहे की त्यात’ असं म्हणत बसू नका.

नीडलर दिसायला सगळ्यात देखणी. २० गुलाबी सुया, शत्रूमागे वळत जातात, आणि एकाच्या अंगात बऱ्याच सुया एकदम घुसल्या की गुलाबी स्फोट होऊन तो उडतो. पण सुया सावकाश जातात, एलिट बाजूला उडी मारतो, जॅकलच्या ढालीवरून त्या उडून जातात. अरुंद बोळात, पळायला जागा नसलेल्या एका एलिटवर वापरा. बाकी वेळी मी ती उचलत नाही. पोरांना रंगामुळे आवडते, हे माझं मत.

स्नायपर रायफलमध्ये ४ गोळ्या मावतात, झूम दुप्पट आणि आठपट, शिवाय अंधारात दिसण्याची सोय. ट्रुथ अँड रेकन्सिलिएशन हे मिशन रात्रीचं आहे आणि तुम्ही तिथे स्नायपर घेऊनच उतरता. आधी मोठ्या स्थिर तोफेवर बसलेला ग्रंट टिपा, मग एलिट. तोफ मोकळी दिसली की दुसरा ग्रंट तिच्यावर चढायला धावतो, तोही पिस्तुलाने टिपता येतो. साध्या उभ्या ग्रंटांवर स्नायपरची गोळी घालवू नका, त्यांना पिस्तूल पुरतं. एक गोष्ट ग्राफिक्सची. या संचातल्या पहिल्या गेममध्ये एक बटण दाबून जुनं आणि नवं चित्र बदलता येतं. नव्या चित्रात रात्र जास्त उजळ आहे, जुन्यात शत्रू कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते मला जास्त स्वच्छ कळतं. दोन्ही करून बघा.

अदृश्य एलिट भेटले की काय करायचं, हे बरेच जण विचारतात. पहिल्या गेममध्ये त्यांच्या अंगावर शील्ड नसतं. म्हणजे प्लाझ्माचा गोळा त्यांच्यावर वाया. हवेत पाण्यासारखी थरथर दिसली की थेट गोळीचं शस्त्र. आणि तलवारवाल्याला मारून तलवार उचलायचं स्वप्न बघू नका, पहिल्या गेममध्ये ती तुम्हाला मिळत नाही.

रॉकेट लाँचरमध्ये दोन रॉकेट मावतात. त्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. लोक ते जपून ठेवतात. ‘पुढे लागेल’ म्हणत अख्खं मिशन एक हात त्यात अडकवून ठेवतात आणि उरलेल्या एका बंदुकीवर लढतात. रॉकेट मिळालं तर पुढच्याच मोठ्या घोळक्यावर किंवा वाहनावर संपवा आणि हात मोकळा करा.

फ्लड आले की जोडी बदला

सहाव्या मिशनमध्ये सगळं उलटं होतं. तोवर दलदलीतल्या त्या इमारतीत एकही एलिट धडपणे भेटत नाही, मेलेलेच भेटतात, आणि मग दारं फुटतात. फ्लडना शील्ड नाही, डोकं असं काही नाही, भीती नाही. लांबून निशाण साधायला ते उभेच राहत नाहीत, उड्या मारत अंगावर येतात. आतापर्यंतची लाडकी जोडी इथे निकामी. प्लाझ्मा पिस्तुलाच्या गोळ्याने पाडायला शील्डच नाही. स्नायपर तर सगळ्यात वाईट, गोळी त्या सडक्या अंगातून आरपार जाते आणि तो येतच राहतो.

त्याच मिशनमध्ये शॉटगन हातात येते. ती घ्या आणि सोडू नका. १२ काडतुसं, एकेक करून भरतात. हीच तिची खुबी आहे. भरता भरता कोणी आला तर भरणं मध्येच तोडून गोळी झाडता येते. म्हणून प्रत्येक दोन-तीन बारांनंतर, श्वास घ्यायला मिळेल तिथे, दोन काडतुसं आत ढकला. पूर्ण रिकामी होऊ दिलीत तर भरायला लागणारा वेळ तुम्हाला कोणी देत नाही. दुसऱ्या हातात असॉल्ट रायफल किंवा पिस्तूल. रायफल त्या लहान, फुग्यासारख्या टुणटुणत येणाऱ्या फ्लडसाठी. एक फुटला की शेजारचे पण फुटतात, त्यांच्यावर काडतूस घालवू नका. पिस्तूल त्या फुगलेल्या, हळू चालणाऱ्या फ्लडसाठी. तो फुटला की आजूबाजूच्या फ्लडनाही घेऊन जातो, म्हणून तो लांब आणि गर्दीत असतानाच पिस्तुलाने फोडायचा. जवळ येऊन फुटला तर तुमचं शील्ड जातं आणि वर पोटातली पिलावळ अंगावर.

पडलेला फ्लड मेलाच असं धरू नका. काही पुन्हा उठतात. पुढे जाताना मी पडलेल्यांना एकेक दस्ता घालत जाते, गोळी लागत नाही आणि पाठ सुरक्षित राहते.

सातवं मिशन, लायब्ररी. लांबलचक, सगळीकडे सारखंच, आणि लोक त्याला शिव्या घालतात. मलाही ते आवडत नाही, पण शॉटगनची शाळा म्हणून चांगलं आहे. काही फ्लडच्या हातात रॉकेट लाँचर असतो, हे लक्षात ठेवा. शॉटगन घेऊन कोपऱ्यावरून एकदम बाहेर पडायचं नाही. आधी डोकावून बघा, रॉकेटवाला दिसला तर मागे या आणि त्याला जवळ येऊ द्या. त्याचा स्फोट त्याच्याच भाऊबंदांवर होतो.

आठव्या मिशनला, टू बिट्रेयल्सला, सेंटिनेल नावाची उडती यंत्रं तुमच्यावर उलटतात. ती धातूची, काही शील्डवालीही, त्यांच्यावर पुन्हा प्लाझ्मा चालतो. तेव्हा शॉटगन एका हातात ठेवा आणि दुसऱ्या हातात लगेच प्लाझ्मा पिस्तूल घ्या. पुढे एलिट आणि फ्लड एकाच मैदानात भेटतात. ते एकमेकांशी भांडत असतील तर तुम्ही मध्ये पडू नका. उंचावर किंवा आडोशाला थांबा, जे उरतील त्यांचे हिशेब मिटवा. उरणारे बहुतेक वेळा शील्ड उतरलेलेच असतात.

ग्रेनेड हेही शस्त्रच

साधे ४ आणि प्लाझ्माचे ४, असे आठ ग्रेनेड तुम्ही बाळगू शकता आणि त्यासाठी हात अडकत नाही. तरी लोक ते वापरायला कंजुषी करतात. साधा ग्रेनेड टप्पा घेतो, भिंतीवरून कोपऱ्यापलीकडे टाकायला तो. प्लाझ्माचा अंगाला चिकटतो, एलिटला चिकटला की तो पिसाळून तुमच्याकडेच धावतो, म्हणून टाकल्यावर मागे सरका. घोळका फोडायचा असेल तर आधी ग्रेनेड आणि मग बंदूक, हा क्रम पाळा. आणखी एक, पहिल्या गेममध्ये जमिनीवर पडलेले ग्रेनेड दुसऱ्या स्फोटाने फुटतात. मेलेल्या ग्रंटांच्या ढिगाऱ्यात उभं राहून लढू नका.

माऊस, आवाज आणि भडंग

पीसीवर माऊस असल्यामुळे पिस्तूल अजूनच धारदार होतं. माऊसचा वेग कमी ठेवा. हात थोडा जास्त हलवावा लागतो, पण डोक्यावर निशाण थांबतं. शस्त्र बदलायचं बटण माऊसच्या चाकावर राहू देऊ नका, घाईत चाक जास्त फिरतं. माझं ते अंगठ्याजवळच्या बटणावर आहे. हेडफोन लावा, पाठीमागचा फ्लड आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. भडंगाची वाटी डाव्या हाताला ठेवली तर कीबोर्ड तेलकट, उजव्या हाताला ठेवली तर माऊस. चमच्याने खावं लागतं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

दोघांनी मिळून खेळत असाल तर जोडी दोघांत वाटून घ्या. पहिल्या दोन गेममध्ये कॅम्पेनला दोन जण खेळू शकतात. मी प्लाझ्मा पिस्तुलाने शील्ड पाडते, भाचा लगेच डोकं टिपतो. मग दोघांचाही दुसरा हात मोकळा राहतो, तिथे त्याने स्नायपर ठेवावी आणि मी शॉटगन. यात बोलणं महत्त्वाचं. ‘पडलं!’ एवढा एक शब्द पुरतो, पण तो वेळेवर आला पाहिजे.

पुढच्या गेममध्ये गेलात तर

हेलो २ मध्ये पिस्तुलाची जागा बॅटल रायफलने घेतली. एका दाबात तीन गोळ्या, ३६ चं मॅगझिन, झूम. प्लाझ्मा पिस्तूल आणि बॅटल रायफल म्हणजे तीच आपली जुनी जोडी नव्या कपड्यांत. दोन हातांत दोन लहान शस्त्रं धरायची सोय या गेममध्ये आली, दिसायला फार छान. पण तसं धरलं की ग्रेनेड टाकता येत नाही, म्हणून मी ती क्वचितच वापरते. हेलो ३ पासून प्लाझ्मा पिस्तुलाचा भरलेला गोळा वाहनं बंद पाडतो. घोस्ट किंवा वॉर्टहॉग अंगावर येत असेल तर रॉकेट शोधण्यापेक्षा हेच करा, वाहन थांबतं, तुम्ही चढून चालकाला खाली ओढा. ‘हेलो रीच’ या गेममध्ये १५ गोळ्यांची डीएमआर रायफल आहे. भराभर दाबली की निशाणाचं वर्तुळ फाकतं आणि गोळी कुठेही जाते, प्रत्येक गोळीनंतर ते मिटू द्या. त्याच गेममधली नीडल रायफल शील्ड उतरलेल्या एलिटला तीन सुयांत उडवते, दिसली तर घ्या.

हेलो २ लेजेंडरीवर सुरू करायचा मोह होईल, कारण पहिला गेम संपवून हात बसलेला असतो. तिथे स्नायपरवाले जॅकल आहेत, एका गोळीत तुम्हाला आडवे करतात आणि कुठे बसलेत ते मेल्यावर कळतं. आधी हिरॉइकवर एकदा पूर्ण खेळा, ते कुठल्या गच्चीवर आणि कुठल्या खिडकीत बसतात ते पाठ करा, बॅटल रायफलच्या गोळ्या त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि मगच लेजेंडरी लावा.